वीस शेअरचा एक शेअर

दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. हात सुरेख, स्वभाव हळवा, पण एकदा डोक्यात काही घेतलं की कुणाचं ऐकायचं नाव नाही. एका औषध कंपनीचे शेअर मातीमोल भावाने मिळतायत म्हणून त्याने आपली शिल्लक त्यात घातली, वर विधवा धाकट्या बहिणीलाही घालायला लावली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. भाव घसरतच गेला, तसा मास्तर तिची नजर चुकवू लागला.

मग एका सकाळी मेणात दात बसवता बसवता त्याने फोन पाहिला, तर भाव वीसपट. हातातलं काम टाकून त्याने आधी बहिणीला फोन लावला.

"मी म्हणत होतो ना? वीसपट झालाय."

"खरं सांगतोस, दादा?"

"अगं, डोळ्यांनी बघतोय."

दुपारी थोडे शेअर विकायला तो ब्रोकरच्या ऑफिसात गेला. तिथल्या मुलीने त्याचं खातं उघडलं आणि जरा अवघडली.

"काका, कंपनीने वीस शेअरचा एक केलाय. भाव वाढला, पण तुमचे शेअर तितकेच कमी झाले. पैसे होते तेवढेच."

"मग बिघडलं काय?"

"भाव इतका पडला होता, की शेअर बाजाराच्या यादीतून कंपनीचं नाव निघालं असतं. म्हणून हे केलं. धंदा काही सुधारलेला नाही. आता नवे शेअर काढणार म्हणतात, म्हणजे कंपनीतला तुमचा वाटा पातळ होणार. सकाळपासून लोक विकतायत."

"मला कुणी कळवलं नाही."

"ईमेल आली असेल."

आली होती. त्याने उघडलीच नव्हती.

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. तिचा चेहरा फुललेला.

"राजीनामा देऊन आले. त्या वाफेने जीव नकोसा झाला होता रे."

मास्तरने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिला आधी थट्टा वाटली. मग ती खाली बसली.

"मला फोन करायच्या आधी कुणाला तरी विचारायचंस," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती धुलाईघरात परत गेली, पण तिची जागा आदल्याच संध्याकाळी दुसरीला दिली होती. आता कुणी रजेवर असलं तरच तिला बोलावणं येतं. आठवडाभरात भाव निम्म्यावर आला. मास्तरने दोघांचेही शेअर विकले आणि आलेले सगळे पैसे तिच्या हातावर ठेवले. तिने ते मोजून घेतले.

तिने बोलणं टाकलं नाही. पण हल्ली त्याने काहीही सुचवलं, अगदी डॉक्टर बदलायचं जरी, तरी ती "बघू" म्हणते आणि शेजारणीला विचारून येते.