नाल्यातला राखणदार

“गटारात हात घालणाऱ्यांनी माझ्या टेबलाला हात लावू नये!”

बावीस वर्षांपूर्वी ऐकलेला देवस्कर सरांचा आवाज. भर दुपार आहे. शेवंता वाघमोडे प्रयोगशाळेच्या टेबलावर डोकं टेकते. कोपऱ्यातलं यंत्र जात्यासारखं घरघरत राहतं. पापणीला पापणी लागते न लागते तोच विभागप्रमुख देवस्कर समोर बसलेले. मरून नऊ वर्षं झाली, पण कोटाची इस्त्री काही मोडलेली नाही.

“अजून नाल्याचं पाणीच गाळताय, बाई?”

“हो, सर.”

टेबलाखालून नाला वाहू लागतो. काठावर इस्पितळाची खाट, खाटेवर टोपल्या विणणारी कोंडाबाई. तिच्या पायातल्या जंतूंना एकही औषध लागू पडत नाही. चार वाजता पाय कापायचाय. शेवंताच्या हातात काचेची बशी आहे. बशीत त्याच जंतूंची दाट साय, आणि सायीत स्वच्छ गोल भोकं. नाल्यातल्या फेजनं, जंतू मारणाऱ्या विषाणूनं पाडलेली.

सर नाक मुरडतात. “बशी नासलीय. फेका.”

“तेव्हाही हेच म्हणालात. सगळा वर्ग फिदीफिदी हसला आणि अशीच भोकं पडलेली बशी मी फेकली.”

“मेंढरांमागं वाढलेल्यांना भोकातही देव दिसतो!”

“आणि तुम्हाला नुसतं भोक दिसलं, सर. ते पाडलं कुणी, हे विचारावंसं नाही वाटलं. एवढी पुस्तकं, पण पालथ्या घड्यावर पाणी!”

खाटेवरून कोंडाबाई ओवी धरते,

नाल्याच्या पाण्यामंदी माझा राखणदार बसला
औषधांना हसणारा रोग त्याच्यापुढं फसला

सर खाली वाकतात. “इतकी अक्कल आहे, तर आठ दिवस ही बशी कपाटात का दडवलीत? मी मेलो, बाई. तुमची भीती मात्र अजून रोज माझ्याकडे हजेरी लावते.”

हसत हसत ते तिचं मनगट धरतात.

शेवंता दचकून उठते. तीन वाजलेत. मनगटावर नाल्याचा काळा, ओला चिखल. त्यात पाच बोटं उमटलेली. हात न धुताच ती फोन उचलते.

“मुजावर डॉक्टर, वाघमोडे बोलतेय. कोंडाबाईंचा पाय कापू नका. आधी माझी बशी बघायला या. त्यांच्या जंतूंना मारणारा फेज सापडलाय.”

“कधी?”

“आठ दिवस झाले.”

“आणि हे आत्ता सांगताय?”

“तुम्ही हसाल म्हणून गप्प बसले.”