सोनालीसाठी टाकलेला शब्द

विश्रांतवाडीच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर बसून उत्कर्षा आणि सोनाली शिकल्या. म्हणजे उत्कर्षा शिकली आणि सोनालीने बाक रंगवला. जीवशास्त्राच्या वहीत तिने काढलेल्या बेडकाला लांबसडक पापण्या होत्या. बाईंनी विचारलं, ह्या कशाला? तर म्हणाली, "बिचाऱ्याला आपण कापणार, निदान बरा तरी दिसू दे."

पुढे उत्कर्षा विमा कंपनीत चिकटली आणि सोनाली कुठेच चिकटली नाही. केकच्या दुकानात असताना एका आजोबांच्या साठीच्या केकवर तिने त्यांचं चित्र काढलं. अगदी हुबेहूब, टकलासकट. घरचे केक परत घेऊन आले. मग कपड्यांच्या दुकानात तिने पुतळ्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं काढली. "दिवसभर उभे असतात, थकणार नाहीत का?" मालकाने तिला बसायला सांगितलं. घरी.

तिचे वडील तात्याराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती: स्पर्धा परीक्षा पास झालेली आणि अजून अभ्यास करणारी. सोनाली कुठल्याच प्रकारात बसत नव्हती, आणि ते हा तिचा उद्धटपणाच समजत.

एका रविवारी उत्कर्षा चहाला गेली होती तेव्हा सोनालीने जाहीर केलं, "मी ब्युटी स्कूलला जाणार. कात्रजला आहे, चांगली आहे. पण तिथल्या मॅडमना मुलीच्या ओळखीचं कुणीतरी समोर येऊन तिच्याबद्दल बोलायला हवंय. मागच्या बॅचच्या मुली अर्ध्यात सोडून गेल्या म्हणे. उत्कर्षा, तू चल."

तात्यारावांनी पेपर खाली केला नाही. "आमच्या वडिलांनी मार्केट यार्डात पोती उचलून आम्हाला शिकवलं. ते नातीने भुवया कोराव्यात म्हणून?"

"काका, त्याचीही परीक्षा असते," उत्कर्षा म्हणाली.

"लोकसेवा आयोग घेतो का?"

"नाही."

"मग झालं तर."

उत्कर्षाने हाफ डे टाकला. विश्रांतवाडी ते कात्रज म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं. बसमध्ये सोनाली तिला पढवत होती. "फक्त चांगलं बोल."

"म्हणजे खोटं?"

"म्हणजे थोडक्यात."

स्कूलच्या सुनीती मॅडम पन्नाशीच्या होत्या आणि त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर पावडरचा कणही नव्हता. त्यांनी दोघींना बसवलं आणि उत्कर्षाला विचारलं, "आपल्या मैत्रिणीत चांगलं काय आहे?"

मेहनती, वक्तशीर, नम्र. उत्कर्षाने वाटेत हेच घोकलं होतं. 'वक्तशीर' जिभेवर आला आणि तिला हसूच फुटलं.

"मॅडम, वक्तशीर ती नाही. नम्र तर मुळीच नाही. नोकऱ्यांचं विचारूच नका. पण माणसाकडे ती जसं बघते, तसं कुणी बघत नाही. माझी आजी गेली तेव्हा घरात तिचा धड एक फोटो नव्हता. हिने आठवणीतून चित्र काढून दिलं. भुवईतला खोकेचा व्रणसुद्धा सोडला नाही. आजी त्यात रागावलेली दिसते, कारण ती कायम रागावलेलीच असायची. त्याच चित्राला आम्ही हार घालतो."

मॅडम मात्र विरघळल्या नाहीत. "चित्रं काढणाऱ्या इथे खूप येतात. चेहरा म्हणजे कागद नव्हे. तो हलतो आणि तक्रार करतो." त्यांनी उत्कर्षाकडे बोट केलं. "ह्यांनाच घ्या. नवरी करून दाखवा."

सोनालीने उत्कर्षाला आरशाकडे पाठ करून बसवलं आणि कामाला लागली. बऱ्याच वेळाने खुर्ची फिरवली. आरशात एक म्हातारी बसली होती. गाल उतरलेले, डोळ्यांखाली पिशव्या, ओठांभोवती बारीक चुण्या.

"नवरी सांगितली होती," मॅडम म्हणाल्या.

"नवरीच आहे. संसार झाल्यानंतरची."

उत्कर्षाने डोळे मिटले. संपलं, आता परतीची बस. पण मॅडम वाकून तिच्या गालावरून बोट फिरवत होत्या. सुरकुती खोटी आहे ह्याची खात्री करून घेत होत्या.

"ही कशाने काढलीत?"

"भुवयांच्या पेन्सिलने. आणि बोटाने."

"उद्यापासून या. फक्त इथे गिऱ्हाईक तरुण व्हायला येतं, एवढं डोक्यात ठेवा."

परतताना बसमध्ये एका तरुणाने उठून उत्कर्षाला जागा दिली. तिने मुकाट्याने घेतली. सोनाली विश्रांतवाडीपर्यंत लोंबकळत उभी राहिली आणि "जरा सरक ना" म्हणाली की उत्तर मिळे, "म्हातारीला त्रास देऊ नये."

खरे हाल पुढेच होते. दोऱ्याने भुवया करणं सोनालीला काही केल्या जमेना, आणि सरावाला डोकं एकच होतं, उत्कर्षाचं. ऑफिसात साहेबांनी एकदा काळजीने विचारलं, "तुम्हाला हल्ली सगळ्याचंच आश्चर्य वाटतं का?" उत्कर्षाने जाड फ्रेमचा चष्मा घेतला.

एका संध्याकाळी सोनाली रडकुंडीला आली. "चित्र चुकलं तर खोडता येतं गं. ही भुवई उगवायची वाट बघत बसायचं. मी सोडते."

"मी शब्द टाकलाय तुझ्यासाठी. सोडून तर बघ, मीच तुझी भुवई उपटते. आख्खी."

सोनालीने सोडलं नाही. दोरा शेवटी हातात बसला. आता विश्रांतवाडीतच एका पार्लरमध्ये तिची खुर्ची आहे. लग्नसराईत नवऱ्या करते, एरवी बालनाट्यांतली भुतं. नवरीची आई "जरा गोरी करा" म्हणाली की ही सांगते, "रंग भिंतीला लावतात. मुलगी आहे तशीच देखणी आहे." काही आया उठून जातात. ज्या थांबतात, त्या पुढच्या लग्नाला भाचीला घेऊन येतात.

तात्याराव लोकांना सांगतात, "मुलगी त्वचेच्या क्षेत्रात आहे." लोक तिला डॉक्टर समजतात, तेही खुलासा करत नाहीत. परवा त्यांनी शेजारच्या गेनबांना मानेवरचं गजकर्ण दाखवायला थेट पार्लरमध्ये धाडलं. सोनालीने त्यांना दवाखान्याचा पत्ता दिला, आणि आलाच आहात तर बसा म्हणून दाढी कोरून दिली. गेनबा खूश होऊन गेले. दवाखान्यात अजून गेलेले नाहीत.