करपलेला घाणा

अभनपूरच्या पोहा मिलमध्ये मी मालाची तपासणी करतो. तिथल्या भट्टीवरच्या कारागिराला सगळे भैया म्हणतात. भिजलेल्या धानाचा दाणा दाताखाली धरून ते भाजणीची वेळ ठरवतात. बोलणं कमी, आणि बोलण्याआधी खाकरण्याची सवय. त्यांच्या तोडीचा दुसरा कारागीर रायपूरभर शोधूनही मालकांना मिळाला नाही. भैया आजारी पडले की मिल बंद राहायची.

मागच्या वर्षी त्यांनी पोहे निवडणाऱ्या एका दीदीला भट्टीपाशी उभं केलं. मालक वैतागले, "बाईच्या हाती भट्टी? एक घाणा जरी जळला, तरी बंद करा हे."

भैया खाकरले. "शिकवून राहिलो, तर शिकवू द्या."

तिचा पहिलाच घाणा करपला. मी नमुना घ्यायला गेलो, तेव्हा ती कोपऱ्यात डोळे पुसत होती. तपासणीच्या कागदावर कारागिराच्या नावाची जागा मी कोरी ठेवली होती.

"माझं नाव लिहा साहेब," भैया म्हणाले. "तिचं लिहिलं तर मालक उद्या तिले भट्टीपाशी उभं राहू देनार नाही."

मी लिहिलं.

आता दुसऱ्या पाळीला भट्टी दीदीच सांभाळते. माझ्या फायलीत भैयांच्या नावावर करपलेला घाणा तो एकच आहे.