खिडकीपाशी धरलेली नळी

नाना रक्ताची नळी आधी खिडकीपाशी उजेडात धरायचे आणि मगच कामाला लागायचे. गोठलेल्या रक्तावर सुटलेलं पिवळसर पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना चैन नसे. जळगावच्या आमच्या लॅबमध्ये पंचवीस वर्षं त्यांचा हाच शिरस्ता. मूळचे धुळ्याकडचे; चिडले की अहिराणीवर यायचे. "पह्यले डोयाघाई देख, मंग मशीनले इचार," हे त्यांचं पालुपद.

ते मशीन आलं नव्वदीच्या सुरुवातीला, आणि लॅबच्या डॉक्टरांच्या मागे सहा महिने भुणभुण लावून ते आणवलं मी, नानांच्या हाताखालच्या पोरानं. चांगलं कोलेस्टेरॉल, वाईट कोलेस्टेरॉल, सगळं आपोआप! नानांची अख्खी सकाळ जायची ते काम चहा संपेपर्यंत व्हायचं. माझा तोरा तर विचारूच नका. "नाना, आता ठेवा ती नळी खाली," असं मी चारचौघांत म्हणायचो.

एके सकाळी माझे वडील, आबा, पहूरहून तपासायला आले होते. पंधरा दिवस मळ्यात चालताना त्यांची छाती भरून यायची. रिपोर्ट वाईट निघाला तर डॉक्टर त्यांना लगेच धुळ्याला हृदयाच्या दवाखान्यात पाठवणार होते. रिपोर्ट निघाला झकास. "उगाच भेवाडलं मले," म्हणत आबा एसटी स्टँडकडे निघूनही गेले.

नाना खिडकीपाशी उभे होते. हातात आबांची नळी, तिच्या चिकटपट्टीवर नानांनी शाईनं घातलेलं नाव.

"इकडं ये. काय दिसस?"

पाणी दुधासारखं गढूळ होतं. म्हणजे रक्तात चरबीच चरबी.

"मशीन खोटं नाही बोलत, नाना."

"नही बोलत. पन नळी कोनी शे, हाई त्याले काय ठाऊक?"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मध्येच वीज गेली होती. परत आल्यावर मशीननं पहिल्या नळीपासून पुन्हा मोजायला घेतलं, आणि मी शहाणा, यादी थांबली होती तिथून पुढची नावं लिहीत गेलो. आबांच्या नावावर दुसऱ्याच कुणाचे आकडे पडले होते! बाकीचे रिपोर्ट अजून टेबलावरच होते, ते नानांनी टराटरा फाडले आणि सायकल काढली. मी मागून धावत.

पहूरची बस हलली होती. नाना सायकलसकट बसपुढे आडवे झाले. ड्रायव्हरनं आईबहीण काढली, पण हे ढिम्म. खिडकीतल्या आबांना म्हणाले, "उतरा आबा. माझ्या हातून घोटाळा झाला. तुमच्या पोरानं पकडला, म्हणून बरं."

मी पुढे होऊन आबांची पिशवी उतरवून घेतली.

नानांनी हातानं तपासणी केली. आकडे भयंकर होते. आबा त्याच दिवशी धुळ्याला गेले आणि तिसऱ्या दिवशी तिथेच, दवाखान्यात, त्यांना झटका आला. वाचले. इकडे डॉक्टरांनी नानांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. नंतर विचारलं, "का घेतलंत अंगावर?"

"बापना पोऱ्यावर भरोसा ऱ्हावाले जोयजे. मना काय, आज शे, उद्या नही."

सात वर्षांनी नाना गेले. पिंप्राळ्याला त्यांच्या घरी भेटायला आबा स्वतः आले, चांगले धडधाकट. बसलेल्यांना सांगू लागले, "मानूस सोन्याचा. पन येक डाव चुकला व्हता. मह्या पोऱ्यानं धरलं, म्हनून मी जित्ता हाये."

नानांच्या बायकोनं, अक्कांनी, मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी बोलायची त्या वाट पाहत राहिल्या.

मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "चला आबा, एसटी चुकेल."