शेवटच्या डब्यातली संकष्टी

सिंगापुरात संकष्टी सोडणं म्हणजे टेलिफोनचं काम. आभाळ कायम भरलेलं, त्यात समोर उंच इमारती. मग ईस्ट कोस्टच्या आमच्या काकू वुडलँड्सच्या मैत्रिणीला विचारायच्या, "दिसला का गं?" तिकडून "दिसला, दिसला, जेवा!" आलं की मी तांदळाच्या पिठाचे मोदक ताटात वाढायची. बेटावर एकीला चंद्र दिसला की सगळ्यांना दिसला, असा आमचा रिवाज होता.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला. आठवीनंतर शाळा सुटलेली, आणि इथे आले ती कामाच्या परमिटवर. पहिलं परमिट वाढलं तेव्हा मी गणपतीला बोलले होते, जोवर या घरात भाकरी भाजते तोवर तुझी संकष्टी मोडणार नाही. परमिट पुन्हा संपत आलं होतं, तेव्हाच आफ्रिकेच्या गाडीचं ठरलं.

काका साठ वर्षांचे होणार होते. मुलाला बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून सुट्टी मिळेना, म्हणून त्याने आईवडिलांना दक्षिण आफ्रिकेतल्या त्या राजेशाही रेल्वेची तिकिटं काढून दिली. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सोबत हवी, म्हणून तिसरं माझं. मी म्हटलं, "मी मागच्या डब्यात बसेन." काकू म्हणाल्या, "अगं, तिथे मागचा डबाच सगळ्यात भारी असतो." त्यांनी महिनाभर घावनावर माझ्याकडून काटा-सुरी चालवून घेतली. घावन फाटायचं, सुरी बशीवर किंचाळायची, काका पेपरामागे हसायचे.

गाडी म्हणजे पळता बंगला. लाकडी भिंती, अंघोळीला टब, पलंगावर इतक्या उशा की त्या ठेवायच्या कुठे हीच काळजी. पहिल्या रात्री खिडकीशी बसले होते. वर चंद्र आला, एका बाजूने झिजलेला. मी बोटांवर तिथी मोजली. तृतीया! म्हणजे उद्या संकष्टी. आणि उद्याच काकांच्या साठीचं जेवण.

सकाळी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघू गं, गाडीत काय चालतं कुणास ठाऊक." दिवसभर मी फळांवर राहिले. किंबर्लीजवळ एका पाणथळीत फ्लेमिंगो दिसले. कुणी गुलाबी कपडे वाळत घातलेत, असंच वाटलं आधी. मग हरणं, उड्या मारणारी. काका प्रत्येक हरणाला "ते बघ, ते बघ" म्हणत होते. मला आनंद होत होता, पण मन रात्रीच्या टेबलावर अडकलेलं.

संध्याकाळी जांभळी इरकल नेसून मी टेबलाशी उभी राहिले. सगळे नटूनथटून आलेले. काकांनी विचारलं, "बसत का नाहीस?"

"तुम्ही जेवा काका. माझा चंद्र यायचाय."

"मग मीही थांबतो. साठीचं जेवण घरच्या माणसाला उपाशी ठेवून जेवू?"

काकूंचा चेहरा उतरला. काकांना शुगर, जेवणाआधीची गोळी घेऊन झालेली. त्यांना चक्कर आली तर माझ्यामुळे. आणि बोललेलं मोडलं तर परमिट? काकूंनी पर्समधून कॅलेंडरचं पान काढलं. "हे बघ, चंद्रोदय नऊ वीस. मुंबईचा. म्हणजे इथले सहा वाजायच्या आतच झाला. जेव!"

"काकू, मुंबईचा चंद्र मुंबईचा."

"वुडलँड्सचा चालतो तो?"

"वुडलँड्स आपल्याच आभाळाखाली आहे."

"ऐकलंत? आठवी पास आणि वकिली केवढी!" म्हणत काकूंनी नवऱ्याच्या तोंडात बिस्किट कोंबलं.

आमचा वाढपी, केपटाउनचा उंच मुसलमान गृहस्थ, हातात सूप घेऊन ऐकत होता. काकांनी त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं. त्याने सूप परत पाठवलं. म्हणाला, आमच्याकडे ईदचा चंद्र बघायला जाणती माणसं समुद्रावर जाऊन उभी राहतात, कॅलेंडरवर भागवत नाहीत. काकांसाठी पाव आणि चीज आणून ठेवलं, आणि आम्हाला घेऊन शेवटच्या डब्याकडे निघाला. गाडी नैऋत्येला चाललेली, त्यामुळे चंद्र शेपटाकडूनच उगवणार, असं त्याने सांगितलं.

त्या डब्याला मागे उघडा सज्जा. त्याने आतले दिवे मालवले. सज्ज्यावर आधीच एक म्हातारं गोरं जोडपं शाल पांघरून उभं होतं, त्यांनाही काकांनी सांगून टाकलं. आता सगळे मागे पळणाऱ्या रुळांकडे बघत होतो. थंडी अशी की माझे दात वाजत होते. काकांनी पावाचा तुकडा तोंडात टाकलेला बघून काकूंनी सुस्कारा सोडला. लांबवर कोल्हा ओरडला. मग क्षितिजावर तांबडं काहीतरी.

"ट्रक," काका म्हणाले.

ट्रक रुंद होत गेला. भगवा, चेपलेला, सगळ्या माळाला उजेड देत वर आला. सिंगापुरात इतक्या वर्षांत मी तो स्वतःच्या डोळ्यांनी क्वचितच पाहिला होता. दुसरीच्या "दिसला"वर जेवत आले होते. म्हातारी बाई टाळ्या वाजवायला लागली. वाढप्याने काचेच्या पेल्यात पाणी दिलं. मी अर्घ्य सोडलं, आणि वाऱ्याने ते सगळं काकांच्या नव्या सुटावर.

"चालेल," काका म्हणाले, "साठीला अभिषेक झाला. आता सूप आणा रे!"

त्या रात्री काटा-सुरीचं मला भानच राहिलं नाही. कुठला काटा कशाला घेतला, देव जाणे. बहुतेक मासळीच्या काट्याने पुडिंग खाल्लं.

सिंगापूरला परतल्यावर परमिट वाढून आलं. काका म्हणाले, "अर्ज मी भरला, मोदक मात्र गणपतीला." मी त्या संध्याकाळी दोघांनाही वाढले. काकांचे बिनगुळाचे.