काविळीची माळ आणि आमचा नारळ

मंडळी, नवऱ्याला कावीळ झालेय. डॉक्टरांचं औषध चालू आहे, तरी सासूबाईंनी पावसहून औषधी काड्यांची माळ आणून त्याच्या डोक्यावर घातली. माळ वाढून गळ्यात उतरली की कावीळ उतरू लागली, आणि ती गळ्यात असेपर्यंत पथ्य पाळायचं, असं आमच्याकडे मानतात. मी गुपचूप तशीच दुसरी माळ नारळावर चढवली.

आज सकाळी बघते तर नवऱ्याची माळ गळ्यात आणि नारळाची घसरून ओट्यावर! काड्या सुकल्या, गाठी सैल पडल्या, एवढंच.

सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्याला सांगू नको गो. माळ आहे म्हणून तो मासेमारीला बोटीवर जात नाही, दारूला शिवत नाही."

दुपारी रिपोर्ट आला, कावीळ उतरतेय. डॉक्टरांचे आभार मानले आणि घरी येऊन सासूबाईंच्या पाया पडले.

नवरा फेसबुकवर नाही. विश्रांती अजून बाकी आहे, तेव्हा तुम्हीही नारळाचं काही बोलू नका हां!