बिनमांसाचे शुक्रवार
माझ्या दुकानाशेजारच्या मोरक्कन गालिचेवाल्याने मला फसवलं, वर्षानुवर्षं फसवलं, आणि तेही घरी जेवायला बोलावून. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या आमच्या प्लाझात मला गंडवील असा माणूस जन्मायचा होता. मायदेशी न्यायचे दोनशेवीस व्होल्टचे मिक्सर आणि सूटकेसा विकून मी उभा राहिलो, तो घाऊक व्यापाऱ्यांशी भांडभांडूनच. हा मात्र गिऱ्हाईक उठायला लागलं की भाव उतरवायचा सोडून पुदिन्याचा चहा पुढे करायचा. किटली डोक्याएवढी उंच धरून खालच्या ग्लासात धार सोडायचा, थेंब बाहेर पडायचा नाही, आणि तिसरा ग्लास रिकामा झाल्याशिवाय कुणाला हलू द्यायचा नाही. "अरे, त्याला गालिचा नकोय, बाथरूम हवंय," मी एकदा ओरडलो. "ब्रदर, आधी तो पाहुणा आहे," तो शांतपणे म्हणाला, "गिऱ्हाईक नंतर."

त्याने शुक्रवारच्या जेवणाला बोलावलं तेव्हा मी आधीच बजावलं, की मी मांस खात नाही. "शुक्रवारी आमच्याकडे कुणीच खात नाही," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. झालं, दर शुक्रवारी दुपारी दुकान बायकोवर टाकून मी त्याच्याकडे जाऊ लागलो. तिथे त्याची बायको झारीने हातांवर पाणी घालायची, मग सगळ्यांच्या मध्ये एकच परात यायची. त्यात कुसकुस, म्हणजे आपला मोकळा सांजाच, आणि वर भाज्यांचा डोंगर. उजव्या हाताने फक्त आपल्या समोरचं खायचं, दुसऱ्याच्या बाजूला बोट न्यायचं नाही. उष्ट्याच्या भीतीने मी पहिल्याच दिवशी माझी हद्द नजरेने आखून घेतली. पण तो बोलता बोलता उत्तम भोपळा, मऊ गाजर माझ्या हद्दीत ढकलत राहायचा. पानात टाकायचं नाही या शिस्तीत वाढलेला मी ते संपवायचो, आणि संपलं की तो आणखी ढकलायचा. मी सगळ्यांदेखत टोमणा मारायचो, "पाहुण्यासाठी बरोबर शुक्रवार निवडलास रे! गाजरात भागवतोस!" तो पोट धरधरून हसायचा. त्याची मुलं मान खाली घालून कोबी चघळायची. मला वाटायचं, काय वळण लावलंय पोरांना!

एका शुक्रवारी शिकागोला माल आणायला जायचं म्हणून मी येत नसल्याचं कळवलं होतं. बर्फाने रस्ता बंद झाला, अर्ध्या वाटेतून परतलो तो थेट त्याच्या दारात. परातीच्या मधोमध मेंढीच्या मांसाचा ढीग होता. धाकटी मुलगी किंचाळली, "डॅडी, नो-मीट अंकल!" आणि हातातलं हाड तिने चटकन परातीत ठेवलं.

"खायला डॉक्टरांनी सांगितलंय," गालिचेवाला म्हणाला.

"कुणाला?"

"सगळ्यांना."

तोवर त्याच्या बायकोने परात उचललीसुद्धा. "अहो वहिनी, ठेवा ती! तुम्ही जेवा, मी चहा घेतो," मी म्हणालो. "नाहीतर मला एक वेगळी प्लेट द्या."

"वेगळी प्लेट?" मी शिवी दिल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "ब्रदर, माझ्या घरात तू एकटा जेवणार?"

मग पाव, ऑलिव्ह आणि परतलेले टोमॅटो आले. सगळ्यांसाठी. मुलं टोमॅटोत पाव बुडवून खात होती. मी खाली बघून गिळत होतो, आणि टोमॅटोचा चांगला भाग तो माझ्याकडे ढकलत होता.

आता तो दुकान विकून मुलाकडे दूर कॅरी गावाला गेला आहे. अधूनमधून फोन करतो, मिक्सरचा खप विचारतो. शुक्रवारी दुपारी मी घरी जेवतो, माझ्या ताटात. फोनवर मी त्याच्याशी अजून भांडतो. अरे, साध्या सौद्यातसुद्धा समोरच्याला तो केवढ्याला पडतोय ते कळलं तर माणूस नको म्हणू शकतो. तू मला नको म्हणायची सोय ठेवली नाहीस. तुझ्या पोरांच्या तोंडचा घास काढून मला खाऊ घालायला तुला कुणी सांगितलं होतं? हसू नकोस. उत्तर दे.